मेंढी का फिरते?

चांगली चरणारी मेंढी एक दिवस कळपाच्या मागे राहते. मग मान तिरकी होते, एकाच बाजूला गरगर फिरते, बांधाला डोकं टेकून उभी राहते. रिठदच्या या सभेत बसलेल्या मेंढपाळांपैकी अनेकांनी हे पाहिलं असेल. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं ऊन बाधलं. बऱ्याचदा त्या मेंढीच्या मेंदूत पाण्यानं भरलेला फोड वाढत असतो आणि त्याच्या आतल्या पडद्यावर पट्टकृमीची शेकडो इवली डोकी असतात. या रोगाचं नाव गिड.

हा कृमी मोठा होतो कुत्र्याच्या आतड्यात. विष्ठेतून त्याची अंडी गवतावर येतात. आपल्या वैशाखात ती करपून जातात, पण पावसाळ्यात ओल्या बांधावर टिकून राहतात. कोकरू ती चाऱ्याबरोबर गिळतं. फोड पुरता वाढायला सहा ते आठ महिने लागतात, म्हणून रोग दिसतो तो बहुतेक दोन वर्षांच्या आतल्या मेंढ्यांत. फोड बहुधा ज्या बाजूला असतो तिकडे मेंढी वळते, आणि दिसेनासं होतं विरुद्ध बाजूच्या डोळ्याला. अर्थात फिरणारी प्रत्येक मेंढी गिडचीच नसते. लिस्टेरिया जंतूनंही ती फिरते, पण त्यात ताप असतो आणि काही दिवसांतच ती आडवी पडते. निदान डॉक्टरांनाच करू द्या.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. मेंढी वाचत नाही असं दिसलं की आपण ती कापतो. मुंडी कुणाला? रात्रभर वाड्याची राखण करणाऱ्या कुत्र्याला. त्याचा तो हक्कच, असं आपण मायेनं मानतो. पण त्या फोडातलं एकेक डोकं त्याच्या पोटात नवा कृमी होतं, आणि सुमारे दीड महिन्यानं अंडी पुन्हा आपल्याच शिवारात पडू लागतात. क्यूखेनमाइस्टर या जर्मन डॉक्टरनं हे १९व्या शतकाच्या मध्यात प्रयोगानं दाखवलं. मुंडी मात्र आजही कुत्र्यापुढेच पडते.

फोपसं आणि काळीज टाकणं तर आणखी घातक. त्यांतल्या पाण्याच्या गाठी दुसऱ्या पट्टकृमीच्या. तो कुत्र्याच्या पोटात जेमतेम काही मिलिमीटरचा, पण त्याची अंडी माणसाच्या तोंडात गेली तर यकृतात, फुप्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढते. मटण खाल्ल्यानं ही गाठ होत नाही. कुत्र्याला कुरवाळून न धुतलेल्या हातानं भाकरी खाणारं लेकरू खरं धोक्यात असतं.

मेंढीला पाजलेल्या नेहमीच्या जंतनाशकानं मेंदूतला फोड जात नाही. कधी कवटी त्या जागी मऊ लागते, तेव्हा शस्त्रक्रियेनं फोड काढता येतो. पण औषधाची खरी गरज कुत्र्याला आहे. कंदुरी असो की घरची कापाकापी, आधी खोल खड्डा खणा. फोड असलेलं सगळं त्यात पुरा आणि वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतील. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल द्या, दहा किलो वजनाला ५० मिलिग्रॅम, भाकरीच्या तुकड्यात. या औषधानं कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून पुढचे दोन दिवस त्याला बांधून ठेवा आणि विष्ठा उचलून पुरा.