लाटेची उंची आणि लाटेचें बळ

लोणावळ्याच्या वळवण धरणांत साठविलेलें पाणी घाट उतरून खोपोलीस जातें. सुमारे ५०० मीटर खालीं आल्यावर तें तेथील विद्युत्-गृहाचीं चक्रें फिरवितें. १९१५ सालापासून या पाण्याच्या बळावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळूं लागली. येथील हिशेब सरळ आहे. तेंच पाणी दुप्पट उंचीवरून सोडलें, तर ऊर्जा दुप्पट मिळेल. परंतु त्याच जलाशयाच्या पृष्ठभागावर वारा जी लाट उठवितो, तिला हा हिशेब लागू पडत नाहीं. लाटेची उंची दुप्पट झाली कीं तिची ऊर्जा चौपट होते. एकाच पाण्याला हे दोन निरनिराळे न्याय कां असावेत?

लाटेचें शिखर सपाटीच्या वर जितकें चढतें, त्या मापाला आयाम म्हणतात. लाटेची लांबी तीच राहून आयाम दुप्पट झाला, तर सपाटीच्या वर उचललें गेलेलें पाणी दुप्पट होतें. शिवाय तें सरासरीनें दुप्पट उंच उचललें जातें. दुप्पट ओझें दुप्पट उंच चढविण्यास चौपट श्रम लागणारच. आयाम तिप्पट झाला तर ऊर्जा नऊपट होईल. तात्पर्य, लाटेची ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते.

ध्वनि हीसुद्धां एक लाटच आहे. तींत हवेचे कण मागेंपुढें हेलकावतात. एका सेकंदांत असे जितके हेलकावे होतात, ती त्या ध्वनीची वारंवारता. आयाम तोच ठेवून वारंवारता दुप्पट केली, तर कणांना तेंच अंतर निम्म्या वेळांत तोडावें लागतें. त्यांचा वेग दुप्पट होतो, आणि गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें ती चौपट होते. दर सेकंदास एक चौरस मीटर जागेंतून जी ऊर्जा पार होते, तिला ध्वनीची तीव्रता हें नांव आहे. सेकंदास १०० कंपनांच्या खर्ज स्वराला १,००० कंपनांच्या स्वराइतकी तीव्रता यावयाची असेल, तर हवा दहापट अंतरावर हलवावी लागते. ढोलाच्या कातड्याची थरथर हाताला स्पष्ट लागते, त्याचें मर्म येथें आहे.

मोकळ्या जागेंत ध्वनि चोहोंकडे पसरतो. उगमापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं तीच ऊर्जा चौपट क्षेत्रावर वांटली जाते; तीव्रता चौथाई उरते, आयाम मात्र निम्मा राहतो. उलट, कार्ल्याच्या चैत्यगृहांत दगडी भिंती आणि कमानदार छत ध्वनीला परत फिरवितात. म्हणून तेथें साधा उच्चारही घुमत राहतो.

येथपर्यंतचा हिशेब हवेचा झाला. कानाचा हिशेब निराळा आहे. तीव्रता दहापट वाढली, तरी कानाला आवाज सुमारे दुप्पटच मोठा वाटतो. डेसिबेलचें मापही कांहींसें या वृत्तीला धरूनच चालतें. तीव्रता दहापट झाली कीं आंकड्यांत १० ची भर पडते, दुप्पट झाली कीं सुमारे ३ ची. आपल्या देशांतील ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी वस्तीसाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली. फरक दहाचाच दिसतो. पण रात्रीची तीव्रता दिवसाच्या एक दशांशावर आणलेली आहे. ४५ आणि ८५ हे आंकडे शेजारीं ठेवले, तर दुसरा पहिल्याच्या दुपटीहूनही कमी भासतो. तीव्रता मात्र दहा हजारपट असते.

पावसाळ्यांत सुट्टीच्या दिवशीं लोणावळ्यास येणारी मंडळी ध्वनिवर्धक लावून बसतात, तेव्हां कानाची ही फसगत महाग पडते. कानाच्या आंतील शंखाकृति नळींत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. माणसांत त्या एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. अमेरिकेंतील कामगार-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनें ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठीं ८ तासांपर्यंत सोसावा, आणि पुढें दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी करावी, अशी शिफारस केली आहे. या हिशेबानें ८८ ला ४ तास, तर १०० डेसिबेलला अवघी १५ मिनिटें उरतात. तेवढ्या वेळांत नाचगाण्याला रंगही चढत नाहीं. शेजारच्या घरांतील तान्ह्या मुलाला आणि आजोबांना तर ही निवडही करतां येत नाहीं.

उपाय मात्र याच गणितांत आहे. श्रोत्यांनीं घरचा ध्वनिवर्धक किंचित्, म्हणजे ३ डेसिबेलनें, उतरवून पाहावा. गाण्याच्या गोडींत उणेपणा जेमतेम जाणवेल. परंतु कानावर पडणारी ऊर्जा निम्मी झालेली असेल, आणि तो आवाज निर्धोकपणें ऐकण्याची मुदत दुप्पट.