कंपवाताचं इंजेक्शन आणि गटाचं कर्ज
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

आज एक कर्जमागणी आली आहे. कारण लिहिलंय, 'सासऱ्यांच्या कंपवातासाठी स्टेम सेलचं इंजेक्शन'. अर्जदार ताईला विचारूनच बोलतेय. निर्णय तुमचा, पण आधी थोडं ऐका.

कंपवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सन. यात नुसते हात थरथरत नाहीत. चाल मंदावते, अंग ताठरतं, आवाज बारीक होतो. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. लेव्होडोपाच्या गोळीने डोपामिनची उणीव भरून निघते, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग नव्या पेशीच लावल्या तर?

हे थोतांड नाही बरं का. जपानच्या क्योतो विद्यापीठात 7 रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सोडल्या. अमेरिका-कॅनडात असाच प्रयोग 12 जणांवर झाला. दोन्हींचे निकाल एप्रिल 2025 मध्ये छापून आले. पेशी टिकल्या, त्यांच्यामुळे गंभीर अपाय दिसला नाही. जपानात तपासलेल्या 6 पैकी 4 जणांची हालचाल सुधारली. पण मोजा ना, सगळी मिळून 19 माणसं! आपल्या दोन गटांएवढीसुद्धा नाहीत. आणि तिथे कवटीला छिद्र पाडून नेमक्या जागी पेशी सोडतात. शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून पुढे वर्षभर औषधं. दंडात सुई टोचून घरी पाठवत नाहीत.

आपल्या देशात आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे पार्किन्सनसाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि तिथे उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. म्हणजे कुणी लाखांचं 'पॅकेज' सांगितलं, तर तिथेच थांबायचं. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागायचा.

गोळी मात्र चालूच ठेवा. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास. 'आता बरं वाटतंय' म्हणून एकदम बंद करायची नाही, त्याने जिवावर बेतू शकतं. रोजचा व्यायामही हवा.

आणखी एक. अर्जावर सही सुनेची आहे. सासऱ्यांना उठवणं-बसवणं, भरवणं तीच करते, आणि हप्ताही तीच भरणार. तारण म्हणून तिने शेळ्या सांगितल्यात.

अर्ज फेटाळा असं मी म्हणत नाही. पुढच्या बैठकीपर्यंत ठेवूया. मंगळवारी सगळे कागद घेऊन मी ताईसोबत जिल्हा रुग्णालयात जाते. प्रवासभाडं आणि गोळ्यांपुरतं छोटं कर्ज आजच देता येईल का, तेवढं बोला.