वादळाची श्रेणी आणि वादळाचे संकट
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या ग्वाल्हेरात चक्रीवादळावर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढून राजस्थानमार्गे उत्तरेकडे सरकले आणि दिल्लीत एका दिवसात ११९ मिलिमीटर पाऊस देऊन गेले. जून २०२३ मध्ये कच्छात शिरलेल्या ‘बिपरजॉय’ने राजस्थानात पूर आणले आणि त्याचे अवशेष आपल्या चंबळ परिसरापर्यंत पाऊस घेऊन आले. शिवाय आपल्यातील कित्येक घराण्यांचे मूळ कोकणात आहे. हरिहरेश्वर ज्यांचे कुलदैवत आहे, त्यांना ३ जून २०२० रोजी त्याच किनारपट्टीवर आलेले ‘निसर्ग’ वादळ परके कसे वाटेल?

अशा वेळी वृत्तपत्रांतून ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ असे शब्द आपण वाचतो. ही विशेषणे वार्ताहराच्या मर्जीची नसून प्रत्येकामागे मोजमाप आहे. ते कसे केले जाते आणि त्यावर कितपत विसंबावे, एवढाच आजचा विषय आहे.

वादळ मोजण्याची पहिली सर्वमान्य पट्टी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट याने आखली. तिच्यात शून्यापासून बारापर्यंत पायऱ्या होत्या आणि मापन शिडांवरून होई. ज्या वाऱ्यापुढे कोणतेच शीड टिकत नाही, तो बारावा. पुढे कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन याने बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांची रोजनिशी पत्रके जमवून वादळांचा अभ्यास केला. वारा सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणे एका केंद्राभोवती फिरतो हे ध्यानी घेऊन त्याने ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव योजले. १८४८ साली नाविकांसाठी लिहिलेल्या त्याच्या ग्रंथातून ते जगभर गेले. १८६४ साली कलकत्त्यावर भीषण वादळ कोसळले. त्यानंतरच्या दुष्काळांनीही पद्धतशीर नोंदींची गरज दाखवून दिली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

आज हे खाते तीन मिनिटांच्या सरासरीने मिळणारा वाऱ्याचा कमाल वेग प्रमाण मानते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेगाला ‘डिप्रेशन’ म्हणतात, त्यापुढे ६१ पर्यंत ‘डीप डिप्रेशन’. ताशी ६२ किलोमीटरला वादळ ‘चक्रीवादळ’ ठरते व त्याला नाव मिळते. ८९ पासून ‘तीव्र’, ११८ पासून ‘अतितीव्र’, १६७ पासून ‘अत्यंत तीव्र’ आणि २२२ किंवा त्याहून अधिक असल्यास ‘महाचक्रीवादळ’. ११८ हा आकडा म्हणजे ब्यूफर्टची बारावी पायरी होय. ज्या ठिकाणी जुन्या नाविकाची पट्टी संपत होती, त्याच्याही वर आज तीन श्रेणी आहेत. त्या एकदम आलेल्या नाहीत. ‘अतितीव्र’ व ‘महाचक्रीवादळ’ या श्रेणी १९९९ साली आल्या, तर ‘अत्यंत तीव्र’ ही २०१५ साली.

भर समुद्रात हा वेग मोजतो कोण? तेथे वेधशाळा नाही, जहाजे वादळ टाळून जातात आणि किनाऱ्यावरील वायुवेगमापक ऐन वादळात मोडून पडण्याचा संभव असतो. त्यामुळे अमेरिकन शास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीचा आधार घेतला जातो. उपग्रहचित्रातील ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, मध्यभागी ‘डोळा’ दिसतो का, तो किती उष्ण व भोवतालचे ढग किती थंड आहेत, यांवरून एक ते आठ या पट्टीवर अंक देतात आणि त्यावरून वेग ठरवतात. म्हणजे आपण वाचतो तो आकडा बहुधा जाणकारांचा अंदाज असतो. शिवाय अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी धरतात. तिचा आकडा नेहमी थोडा मोठा येतो, त्यामुळे दोन देशांचे आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १२० चे वादळ २४० वर गेले, तर वेग दुप्पट होतो, पण घराच्या भिंतीवरील रेटा चौपट. म्हणून वरच्या श्रेणीतील प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा कितीतरी जड असते.

आता या वरच्या पायऱ्यांवर वर्दळ वाढू लागली आहे. अरबी समुद्रातील पहिले नोंदलेले महाचक्रीवादळ ‘गोनू’ २००७ साली झाले, दुसरे ‘क्यार’ २०१९ साली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या कालखंडांची तुलना केली. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. समुद्राचे तापणे हे त्यामागील प्रमुख कारण आहे. अमेरिकेची पट्टी पाच श्रेणींची असून शेवटची श्रेणी ताशी २५२ किलोमीटरपासून सुरू होते. २०१५ साली मेक्सिकोलगतच्या ‘पॅट्रिशिया’चा वेग ३४५ वर गेला. म्हणून २०२४ साली तेथील दोन शास्त्रज्ञांनी सहावी श्रेणी कल्पून पाहिली.

पट्टी लांबवावी की नाही, हे शास्त्रज्ञ ठरवतील. माझे म्हणणे निराळे आहे. श्रेणी ही वाऱ्याची असते, संकटाची नव्हे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटावर आलेल्या वादळाचा वेग अंदाजे ताशी १८५ किलोमीटर मानतात. आजच्या पट्टीत ते महाचक्रीवादळ ठरत नाही. तरी समुद्राच्या उधाणाने तीन ते पाच लाख माणसे गिळली. उथळ किनारा, सखल बेटे आणि न पोहोचलेला इशारा यांची मोजणी वायुवेगमापक करीत नाही. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ हे नामकरण होणाऱ्या वादळांपैकी सर्वांत खालच्या श्रेणीतले, पण कोकणातील कित्येक मच्छीमार त्यात परतले नाहीत. ‘निसर्ग’ केवळ ‘तीव्र’ होते. त्यात प्राणहानी थोडी झाली, परंतु श्रीवर्धन-दापोलीच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ फळाला यावयास अनेक वर्षे लागतात, आणि बागायतदाराच्या घरातील ही वर्षे कोणत्याच पट्टीवर दिसत नाहीत. आपल्या दिशेने जे येते, त्याला तर वादळ हे नावही उरत नाही. कागदोपत्री ते ‘कमी दाबाचे क्षेत्र’ असते, मात्र पाणी त्याच्यासोबत असते.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर ताशी २६० किलोमीटरचे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच राज्यात ‘फायलिन’ ताशी २१५ किलोमीटरने धडकले, परंतु दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलविल्यामुळे मृतांची संख्या काही दशकांतच राहिली. वाऱ्याचा वेग थोडा कमी होता हे खरे, पण हजारांचे दहावीस व्हावेत एवढा नव्हे. हा फरक निवाऱ्यांनी, रस्त्यांनी आणि वेळेवर ऐकलेल्या इशाऱ्याने पडला.

तेव्हा यापुढे वादळाची बातमी वाचताना श्रेणीपाशी थांबू नये. पाऊस किती पडणार, उधाण किती चढणार, वादळ किती सावकाश सरकते आहे आणि वाटेत कोण राहते, हेही वाचावे. ‘साधेच वादळ’ म्हणून होडी लोटणे जेवढे घातक, तेवढेच ‘साधाच कमी दाब’ म्हणून नाल्याकाठी निश्चिंत निजणेही.

पिडिंग्टनला उपयोगी पडली ती कप्तानांनी नित्यनेमाने लिहून ठेवलेली पत्रके. आपल्या घरांतही कोकणातून आलेली जुनी पत्रे असतील. त्यांत वादळाची, पुराची, पडलेल्या बागांची तारीखवार हकीकत सापडली, तर ती रद्दीत न घालता या ग्रंथालयाकडे द्यावी, एवढी विनंती करतो.