मुकादमाच्या करारात आपण कुठं?
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



पाऊस सरत आला. मुकादम पाड्यापाड्यात फिरायला लागलेत. ऊसतोडीला जाऊ नका, असं आम्ही म्हणणार नाही. कणगी रिकामी झाली की जावंच लागतं. पण उचल घेण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ.

साखर कारखाना आणि मुकादम यांच्यात करार होतो. टनाचा भाव, उचल, मुकादमाचं कमिशन सगळं त्यात ठरतं. कोयता आपला, घाम आपला, सह्या त्या दोघांच्या. आपला अंगठा फक्त मुकादमाच्या वहीत. हंगाम संपल्यावर हिशोब मागितला की कारखाना म्हणतो, तुम्ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, कारखान्यानं पैसे दिले नाहीत. आपण मधल्यामधी लटकतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याची माणसं तोडीला गुजरातेत जातात. परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी 2025 पर्यंत 1979 चा कायदा होता. त्यात पाच किंवा जास्त मजूर नेणाऱ्या मुकादमाकडे लायसन लागायचं. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं लागायचं. काम कुठं, किती दिवस, मजुरीचा दर काय, कपात किती, हे त्यात लिहावं लागायचं. जाण्यायेण्याचं भाडं आपण भरायचं नाही. शिवाय महिन्याच्या मजुरीच्या निम्मे किंवा 75 रुपये, जे जास्त असेल ते, वेगळे द्यावे लागायचे. ती उचल नव्हती, ते फेडायचे नसायचे. मजुरी वाटताना कारखान्याचा माणूस हजर लागायचा. मुकादमानं बुडवली तर कारखान्यानं भरायची. त्या दोघांनी आपसात काहीही लिहिलं तरी कारखाना यातून सुटत नाही.

असं पासबुक इथं कुणाला मिळालंय? हात वर करा.

एकही हात नाही.

म्हणून यंदा एकेकट्यानं उचल घ्यायची नाही. सगळ्यांनी मिळून मुकादमाला पाड्यात बोलवायचं, करार दाखव म्हणायचं. आम्ही शिकलेली पोरं तो वाचून सांगू. वहीत आकडा लिहिलेला नसेल तर अंगठा द्यायचा नाही. उसाच्या वजनाची चिठ्ठी मागायची आणि जपायची. जंगलखात्याच्या दंडाची पावती आपण पत्र्याच्या पेटीत जपतो ना? जमीन आपण कसतो याचा तो पुरावा. तसाच हा आपल्या घामाचा पुरावा.

शेवटचं सांगतो. सगळा पाडा एकदम रिकामा करू नका. मागं कोण राहणार, ते बसून ठरवा. आपण तोडीवर असताना पंचनाम्याला माणसं आली आणि शेतावर कुणी दिसलं नाही, तर इथं कुणी कसत नाही असं लिहून मोकळे होतील. जमीन नावावर नाही म्हणून आपण तोडीला जातो. तोडीला गेलो म्हणून जमीन जाता कामा नये.

जिंदाबाद.