शस्त्रक्रियेनंतरचे बाळ आणि आपले आचारधर्म
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



परळ परिसरात १९२६ साली के.ई.एम. आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. के.ई.एम.मध्येच १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडील आपली कुटुंबे हृदयात छिद्र असलेले मूल घेऊन मुंबईस येतात, ती याच भरवशावर. पण रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर बाळ आपल्या हाती येते आणि खरी कसोटी तेव्हा लागते.

छातीचे हाड जुळून येण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली व दुसरा बुडाखाली घ्यावा. मांडीच्या सांध्यातून नळी घालून छिद्र बुजविले असेल, तर डॉक्टर सांगतील तितके तास तो पाय सरळ ठेवावा. तेथून रक्त येऊ लागल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि त्वरित रुग्णालय गाठावे. दुखण्याचे औषध ठरल्या वेळी द्यावे. वेदना होत असलेले मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि कफ छातीत साचतो. ‘रडेल आणि झोपेल’ हे येथे चालत नाही.

आता आपल्या घरातील नाजूक प्रश्न. रात्रीचे दूध व औषध द्यावे की न द्यावे? अशी बाळे दूध ओढताना दमतात, घामेजतात. म्हणून त्यांना थोडे थोडे, वारंवार पाजावे लागते, रात्रीसुद्धा. आपल्या शास्त्रांनी संयमाची पात्रता आठ वर्षांच्या आत मानलेलीच नाही. उलट तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ स्पष्ट सांगितला आहे. आजी-आजोबांनी हे निःशंकपणे ध्यानी घ्यावे. (मध वर्ज्य मानणारे आपण मात्र येथे सुदैवी, वर्षाच्या आतील कोणत्याही बाळाला मध चाटवू नये, असे वैद्यकशास्त्रही सांगते.)

भेटीस येणाऱ्यांनी सर्दी-खोकला असल्यास घरीच थांबावे. बाळाचा मुका तर घेऊच नये. ताप, जखमेतून स्राव, ओठांना निळसरपणा, जलद श्वास, लघवी कमी होणे, दूध नाकारणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. पुढे दात काढावयाचा झाल्यास दंतवैद्यास हृदयाचा आजार आधी सांगावा.

विश्वस्तांना एक विनंती. सी. पी. टँकची हिराबाग धर्मशाळा शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या दातृत्वातून उभी राहिली. तीच परंपरा आपण चालवीत आहोत. आपल्याकडील स्वयंपाकघरे सूर्यास्तानंतर बंद होतात, ते योग्यच. परंतु अशा बाळाच्या आईसाठी दूध कोमट करण्याची लहानशी शेगडी आणि उकळलेल्या, गाळलेल्या पाण्याचे भांडे रात्रभर उपलब्ध राहील, अशी एक खोली राखून ठेवावी.