चौदाव्या वर्षी कोण किती पाण्यात?
(वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे आपल्या क्रीडा निधीचा. शाळेतल्या खेळाडू मुलामुलींना मदत करायची असं आपल्या बॅचने ठरवलं, पैसेही जमायला लागले. आता खरी अडचण अशी, की मुलं निवडायची कशी? ग्रुपवर या एका प्रश्नावर जेवढे मेसेज पडले तेवढे आजच्या मेन्यूवरही पडले नाहीत. कोणी म्हणालं, ज्यांनी जिल्ह्यात बक्षीस आणलं त्यांना द्या. कोणी म्हणालं, पी. टी. चे सर सांगतील त्यांना द्या. शेवटी ‘तू आकडेवारीतली आहेस, तूच सांग’ म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मैदानावरचा माझा पराक्रम लिंबू-चमच्यापुरता होता, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा खेळायचं कसं, हे मी सांगणार नाही. पण थोड्या माहितीवरून मोठा निर्णय घ्यायची वेळ आली की माणसं कुठे फसतात, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. तेवढंच बोलते.

सुरुवात घरापासून करू. शार्दूल ठाकूर आपल्या पालघरचा. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरकडून खेळताना त्याचा सामना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेशी झाला. त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड. रोहित शर्मालाही त्यांनीच हेरून आपल्या शाळेत आणलं होतं. त्यांनी शार्दूललाही बोलावलं. पण रोजची ये-जा पोराला झेपायची कशी, म्हणून घरचे तयार होईनात. तेव्हा लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आठवून बघा, त्या काळी लोकल विरारलाच संपायची. डहाणूपर्यंत ती २०१३ साली आली. पुढे हॅरिस शिल्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत सात बळी घेतले आणि एका डावात ६७ धावा केल्या, आणि पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला एकाच डावात ६१ धावांत सात बळी घेतले.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. आज ती जरा उलट्या बाजूने बघू या. त्या दिवशी समोरच्या संघाबरोबर लाड सर नसते तर? शार्दूल तेवढाच चांगला खेळला असता, किटबॅग उचलून घरी गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ओळ आली असती किंवा तीही नसती. त्याच्यात काहीच कमी नसतं, फक्त बघणारा नसता. असे किती जण घरी गेले असतील, त्याची नोंद कुठेच नाही.

त्याच्याच आयुष्यातली दुसरी गोष्ट. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो पहिला रणजी सामना खेळला. पहिल्या चार सामन्यांत एका बळीमागे त्याने सरासरी ८२ धावा दिल्या. वजनही जास्त होतं. ते कमी कर, असं त्याला खुद्द सचिन तेंडुलकरने सांगितलं होतं. चार सामन्यांचा तो कागद आपल्या समितीपुढे आला असता तर आपण काय केलं असतं? ‘पुढचा विद्यार्थी’ म्हटलं असतं. मुंबईने तसं केलं नाही. २०१३-१४ च्या हंगामात त्याने सहा सामन्यांत २७ बळी घेतले आणि २०१४-१५ मध्ये दहा सामन्यांत ४८, तेही २०.८१ च्या सरासरीने. चार सामन्यांवरून मत बनवणं म्हणजे पहिल्या चाचणी परीक्षेवरून दहावीचा निकाल लावणं.

आता थोडं लांबचं उदाहरण. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना कॉलेजं शिष्यवृत्ती देऊन आपल्या संघात घेतात. त्यासाठी प्रशिक्षक गावोगाव फिरतात, चेंडूचा वेग यंत्रावर मोजतात, ६० यार्ड पळायला लावून घड्याळ लावतात. व्यावसायिक संघांचे निरीक्षक तर फटक्यातलं सातत्य, फटक्यातली ताकद, धावणं, फेकणं आणि क्षेत्ररक्षण अशा पाच गोष्टींना २० ते ८० पर्यंत गुण देतात. ५० म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमधला सरासरी खेळाडू. यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की प्रत्येक गुणापुढे ते दोन आकडे लिहितात. एक आजचा, दुसरा हा मुलगा पुढे कुठवर जाईल त्याचा. आपण आजचाच आकडा बघतो आणि त्यालाच उद्याचा समजून बसतो.

आणि एवढं सगळं करूनही ते चुकतात, बरं का. १९८० साली बिली बीन नावाचा मुलगा पहिल्याच फेरीत निवडला गेला. उंच, देखणा, सगळ्यांच्या मते भावी तारा. खेळाडू म्हणून तो कधी चमकलाच नाही, पुढे संघाचा व्यवस्थापक म्हणून त्याचं नाव झालं. उलट १९८८ मध्ये माइक पियाझाला तब्बल ६२ व्या फेरीत घेतलं, तेही त्याच्या वडिलांची एका नामवंत प्रशिक्षकाशी मैत्री होती म्हणून. २०१६ साली तो त्या खेळाच्या सर्वोच्च सन्मानाच्या यादीत जाऊन बसला. यंत्रं आणि पैसा असून त्यांची ही गत, तर आपण एका दुपारच्या निवड चाचणीवर किती विसंबायचं?

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. जन्माचा महिना. आपल्या आईवडिलांच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून लावून टाकला होता, त्यामुळे आपल्याला तारखेचं फारसं काही वाटत नाही. पण क्रिकेटच्या वयोगटाची रेघ १ सप्टेंबरला पडते. सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला, दोघं एकाच गटात. अंतर जवळजवळ वर्षाचं. आज चाळिशीत आपल्याला वर्षाचा फरक कळतसुद्धा नाही, पण चौदाव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. साहजिकच थोराड मुलगा निवडला जातो. त्याला शिबिर मिळतं, चांगली खेळपट्टी मिळते, मोठे सामने मिळतात. दोन वर्षांनी तो खरंच चांगला झालेला असतो आणि आपण म्हणतो, बघा, आपली निवड बरोबर होती! ज्याला मागे ठेवलं, त्याला यातलं काहीच मिळालेलं नसतं. जगभर अनेक खेळांच्या वयोगटांत हे दिसून आलेलं आहे.

मुलींचं गणित आणखी वेगळं. त्यांची वाढ लवकर होते आणि नेमक्या त्याच वयात घरून ‘आता पुरे’ सुरू होतं. आपल्या वर्गात सातवीपर्यंत मुलांच्या पुढे पळणाऱ्या मुली होत्या. त्या आज इथेच बसल्या आहेत, आणि नववीत त्यांनी धावणं का सोडलं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आठवा. आदिवासी पाड्यातली मुलगी. तिला हेरणारे आणि वर्षानुवर्षं तिच्यावर मेहनत घेणारे प्रशिक्षक भेटले, म्हणून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी इथे रोज शाळेसाठी डोंगर चढणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या हातात कधी कोणी घड्याळ धरून उभं राहिलंय का?

आता माझी सूचना.

एक, बक्षिसांची यादी मागवायची नाही. प्रत्येक इच्छुक मुलामुलीचं एक कार्ड करायचं. त्यावर जन्मतारीख, उंची, किती वर्षं शिकवणी मिळाली, ३० मीटरची वेळ आणि चेंडू किती लांब फेकला, एवढंच. सहा महिन्यांनी पुन्हा तीच मोजणी, त्याच मैदानावर, त्याच घड्याळाने. आपण बघायचं ते दोन नोंदींमधलं अंतर.

दोन, धावसंख्येपुढे प्रतिस्पर्धी कोण होता आणि सामना मॅटिंगवर होता का, हे लिहायचं. दुबळ्या संघाविरुद्धचं शतक आणि मुंबईच्या शाळेविरुद्धच्या तीस धावा एका तराजूत घालायच्या नाहीत.

तीन, पैसा आधी पासाला, बुटांना आणि खाण्याला. पालघर ते चर्चगेट नव्वदेक किलोमीटर. पहाटेची गाडी पकडून सरावाला जाणारं पोर दुपारी वडापाववर असेल तर त्याचं मोजमाप आपण काय करणार?

चार, ज्याला घेऊ त्याला निदान दोन वर्षं घ्यायचं. एक हंगाम वाईट गेला म्हणून काढायचं नाही. आणि ज्याला घेतलं नाही, त्याला ‘तुझ्यात दम नाही’ हे वाक्य आपल्यापैकी कोणीही ऐकवायचं नाही. ‘यंदा नाही, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू’ एवढंच सांगायचं. चौदाव्या वर्षी ऐकलेलं वाक्य चाळिशीतही आठवतं. इथे हात वर करायला सांगितले तर बरेच वर येतील.

यात सर्वांत मोठं काम शिक्षकांचं आहे. बाहेरून आलेला निवडकर्ता मुलाला एक तास बघतो. वर्गशिक्षक त्याला वर्षभर बघतात. हरल्यावर तो दुसऱ्या दिवशी मैदानावर येतो का, चूक सांगितली की ऐकतो का, घरी काय चाललंय, हे घड्याळात दिसत नाही. म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला वर्गशिक्षकांसाठी चार ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत.

पन्नास कार्डं छापून आणली आहेत, जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवली आहेत. पहिली मोजणी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजता, शाळेच्या मैदानावर. घड्याळं लावायला सहा जण हवेत. बोईसर, पालघरात राहणाऱ्यांनी आज जाण्याआधी माझ्याकडे नाव द्या. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी आदल्या रात्रीच या. राहायची सोय आहे, सकाळचा चहा माझ्याकडून.