आधी ओळखा, मग पाना लावा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात ट्रकची गोष्ट कशाला, असं काहींना वाटेल. तर ऐका. गावातल्या ज्वारीचा कडबा भरून आम्ही वसईच्या तबेल्यांकडे निघालो होतो. भिवंडीकडून कामणमार्गे चिंचोटीला आलो, अहमदाबाद महामार्गाला लागलो आणि ट्रक आचके देत बंद पडला. मिस्त्री आला, म्हणाला, "पंप गेला." पंप उतरवला, दोन दिवस गेले. खेपेत जे सुटणार होतं ते तिथंच संपलं. शेवटी कळलं, टाकीकडून येणाऱ्या नळीचा एक नट ढिला होता. इंजिन डिझेलबरोबर हवा ओढत होतं.

मिस्त्रीला शिव्या देऊन आपण सुटत नाही. कपाशीचं पान लाल पडलं की लगेच फवारू नका, तुडतुडे आहेत की अन्नद्रव्य कमी पडलंय ते आधी बघा, असं आम्हीच तुम्हाला बांधावर सांगत आलो. आणि ट्रकापुढे आम्हीच न तपासता पंप उतरवू दिला!

म्हणून आधी लक्षण बघा.

सेल्फ मारला आणि इंजिन फिरत नाही? हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा मंदावला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला आहे. आधी निगेटिव्ह वायर काढा, खायच्या सोड्याच्या पाण्याने थर धुवा, कोरडं करून घट्ट बसवा. दिवा तसाच लख्ख राहिला तर खोट सेल्फकडे किंवा त्याच्या वायरीत.

धूर काळा? एअर फिल्टर तुंबला असेल किंवा माल जास्त भरला असेल. निळा? ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय? पुढे हाकू नका, पाणी इंजिनात शिरत असेल.

इंजिन तापतं? कपाशी वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत रुई आणि पाचोळा अडकतो. इंजिन थंड झाल्यावर आतून बाहेर पाणी मारा. फॅनबेल्ट बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळत्या पाण्याने तोंड भाजतं.

जुन्या पंपाच्या गाडीने हवा धरली, तर फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला करा आणि हाताचा प्रायमर दाबत राहा. फेस थांबून नितळ डिझेल आलं की स्क्रू कसा. विडी लांब ठेवा. मग नळीचा प्रत्येक जोड तपासा, नाहीतर हवा पुन्हा शिरेल.

नव्या गाड्यांचं वेगळं आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या बहुतेक मोठ्या ट्रकांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. आपल्या गोणीतला युरिया कडुनिंबाचं लेपन केलेला, शेतासाठीचा. तो विरघळवून ओतलात तर धूर साफ करणारी यंत्रणाच बाद होईल. वाचवायला जाल शेकडा, घालवाल हजारो.

आणि कुठे थांबायचं तेही ठरवा. नव्या इंजिनाच्या डिझेल नळ्यांत हजार बारहून जास्त दाब असतो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. त्या नळ्यांना हात लावू नका. ब्रेक आणि स्टेअरिंग यांत घरचे प्रयोग नकोत. तिथे चांगला मिस्त्री बोलवा, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. पण त्याला "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. काय दिसलं, कसा आवाज आला, धूर कुठल्या रंगाचा, ते सांगा.

आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक गावात गाडीवाल्यांनी मिळून पान्यांचा एक संच ठेवावा. केबिनमध्ये वही ठेवावी: ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी, काय बिघडलं. गावातल्या दोन पोरांना हंगाम नसताना गॅरेजात शिकायला पाठवावं.

भावासाठी आपण रस्त्यावर उतरतो. मिळालेला भाव त्याच रस्त्यावर एका ढिल्या नटातून गळू द्यायचा नाही, एवढं आज ठरवून उठूया.